शास्त्रीय कारण द्या: सरांच्या गाडीचे पाइप कुजले

थांबा, थांबा. हातातलं ठेवा खाली. हे मी आत्ता नाही सांगितलं तर दिवसभर माझं कामात लक्ष लागणार नाही, आणि आधीच लागत नाहीये.

काकूंचा, म्हणजे माझ्या जुन्या घरमालकिणीचा, व्हॉइस मेसेज आलाय, रत्नागिरीहून. मागे मिक्सर चालू, त्याच्यावर आवाज चढवून काकू म्हणतायत, "अगो ऐकतेस काय? सर परत गाडीखाली गेलेत!"

मी लॅबच्या जिन्यात उभी राहून एकटीच हसत सुटले. खाली जाणाऱ्या एका आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या रिपोर्टकडे बघितलं, आणि परत काउंटरला विचारायला गेले. त्यांचंही चूक नाही म्हणा.

तर सर. मी रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होते तेव्हा सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. खाडीच्या बाजूला उतारावर घर. मागे विहीर, पुढे चार माड, बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये सरांची जुनी पांढरी गाडी. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर होऊन जमाना झाला. म्हणजे शाळेने त्यांना रिटायर केलं, त्यांनी शाळेला केलं नाही.

सगळ्याला मार्क द्यायचे. सगळ्याला! सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की डोळे मिटून, "साडेसहा." काकू आतून, "मार्क राहू देत, कप विसळून ठेवा." दारावर मासेवाली आली की तिच्या पाटीसमोर उकिडवे बसून बांगड्याचे कल्ले उघडून बघणार. "डोळे चांगले, कल्ले बरे, एकूण सात." एकदा ती वैतागून म्हणाली, "सर, घेयाचा तर घ्या. नायतर त्याला परत पाण्यात सोडते, अभ्यास करून येईल."

आणि ते एक वाक्य. तुम्ही मराठी शाळेत शिकला असाल तर तुमचाही हात आपोआप पेन शोधेल. "शास्त्रीय कारण द्या." मी सामान घेऊन राहायला आले त्या दिवशी, म्हणजे गादी माझ्या डोक्यावर आहे, जिन्यात उभी आहे, आणि सर खालून विचारतात, "वरच्या नळाला पाणी कमी दाबाने येतं. शास्त्रीय कारण द्या."

मी म्हटलं, "मोटर बिघडलीय?"

"विचार करून बोल. उंची वाढली की दाब कमी होतो. शून्य." आणि गेले पेपर वाचायला. गादी तशीच माझ्या डोक्यावर.

त्यांना सगळे सर म्हणतात. काकूसुद्धा! मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा अहो म्हणायचे. ओ देतील तर शप्पथ. दारात पोरं 'सर, सर' करायची त्यांना मात्र लगेच ओ. मग मीपण सुरू केलं. काम झाल्याशी मतलब."

आता मुख्य विषय. गाडी.

दर रविवारी सर गाडीला अंघोळ घालायचे. तुम्ही म्हणाल त्यात काय, सगळेच घालतात. नाही हो. सर गाडी खालून धुवायचे. एक निळी प्लास्टिकची बादली होती, ती विहिरीतून भरून आणायची, गाडीशेजारी गोणपाट टाकून आडवं व्हायचं आणि मगाने गाडीच्या पोटावर सपासप पाणी मारायचं. अर्धं पाणी गाडीवर, अर्धं बगलेत. बनियन ओलं, चष्मा ओला, चेहऱ्यावर समाधान. मला वरून बघताना वाटायचं की म्हशीची सेवा चाललीय.

"लोक वरून धुतात," सर सांगायचे. "वरचा भाग लोकांना दाखवायला असतो. गाडी पोटावर जगते."

"पण नळाचं पाणी का नाही वापरत, सर? पाइप लावला की झालं."

"नळाच्या पाण्यात काय असतं?"

"काय?"

"क्लोरीन! क्लोरीन धातूला खातं. विहिरीचं पाणी शुद्ध. निसर्गाने गाळलेलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी उगाच नाही सांगत. विहीर खाडीपासून किती लांब? तिच्या कठड्यावर उभं राहून फेकलेला दगड खाडीत पडतो, एवढी लांब. काकू त्या पाण्याला हात लावायच्या नाहीत. त्या पाण्यात मी एकदा केस धुतले होते, शाम्पूला फेसच आला नाही, डोकं दोन दिवस काथ्यासारखं. मी काकूंना सांगितलं तर त्या नुसत्या हसल्या. सरांना सांगितलं तर म्हणाले, शाम्पू बदल.

तुम्हाला वाटेल माणूस साधा, निरुपद्रवी. अजिबात नाही हां! सरांच्या जिभेला धार होती आणि ती लोकांवर लावून ठेवलेली असायची. रत्नागिरीत अर्ध्या गॅरेजवाल्यांना त्यांनी शिकवलेलं. आणि म्हणूनच ते कुठल्याच गॅरेजात जायचे नाहीत. मी एखाद्या गॅरेजवाल्याचं नाव घ्यायचे, ते निकाल लावायचे. "नाक्यावरचा? नववीत दोनदा. त्याच्या हातात मी ब्रेक देऊ?" "पुलाजवळचा? तो चुंबकाचा दक्षिण ध्रुव विचारला तर खिडकीकडे बघायचा."

एकदा मी आणि काकू बळेच त्यांना एका गॅरेजात घेऊन गेलो. गॅरेजवाला चांगला पन्नाशीचा माणूस, हात पुसत बाहेर आला, सरांच्या पाया पडला. गिऱ्हाइकं उभी होती, त्याचा स्वतःचा कॉलेजमधला मुलगा उभा होता. आणि सर आशीर्वाद द्यायचं सोडून म्हणतात काय, "पास्कलचा नियम सांग."

तो हसला. "काय सर, इतक्या वर्षांनी..."

"ब्रेक त्याच्यावरच चालतात. रोज उघडतोस ना ब्रेक? सांग."

तो बिचारा पुसलेले हात परत पुसतोय. पोरगं बापाकडे बघतंय. काकू जमिनीकडे बघतायत. शेवटी तो म्हणाला, "सर, गाडी तुम्ही ठेवून जा, तुम्ही थांबू नका. तुम्ही थांबलात तर माझा हात चालायचा नाय." सरांनी गाडी तशीच वळवली आणि घरी येईपर्यंत म्हणत होते, "बघितलंस? पाठ नाही!" मला खरं सांगायचं तर त्या दिवशी सरांचा फार राग आला होता. अजूनही तो प्रसंग आठवला की हसू आणि राग एकदमच येतात, कुठलं आधी ते ठरत नाही.

आणि मग पाली, म्हणजे हातखंब्याच्या पुढचं गाव.

पालीच्या बाजारातून आम्ही तिघं येत होतो. मी मागे, मांडीवर काकूंची मिरचीची रोपं. उताराला लागलो आणि सर एकदम शांत झाले. सर शांत झाले की समजायचं काहीतरी भयंकर आहे.

"पेडल मऊ लागतंय," सर म्हणाले.

काकू म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे दाब पोचत नाहीये."

"कुठे पोचत नाहीये?"

"चाकापर्यंत."

काकूंना समजायला एक क्षण लागला, मग त्यांनी जे काय ओरडायला सुरुवात केली! सरांनी गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला, गाडी कण्हत कण्हत एका टपरीच्या बाजूला मातीत चढली आणि थांबली. टपरीवाल्याची एक कोंबडी बंपरला शिवून गेली. खरं म्हणजे फार छान थांबवली त्यांनी, हे मान्य करायला हवं. पण थांबल्या थांबल्या त्यांनी स्टीअरिंगवर हात ठेवून काय म्हणावं?

"पास्कल."

"पास्कल गेला खड्ड्यात! आधी मला उतरवा," काकू म्हणाल्या, उतरल्या, रोपं माझ्याकडून घेतली आणि एसटीला हात केला.

मी आणि सर टेम्पोतून आलो, गाडी मागे हौद्यात चढवून दोराने बांधलेली. टेम्पोवाला आरशातून सारखा सरांकडे बघत होता. हातखंबा गेल्यावर त्याला राहवेना. "सर, मला वळखलात नाय? सहामाहीत तुम्ही मला सतरा दिलेले." आणि हसला, अगदी मोकळा, काही मनात नाही त्याच्या. सर खिडकीबाहेर बघत राहिले. उतरल्यावर मला म्हणाले, "यापुढे असंच जायचं का? मागे बसून? ते चालवणार आणि आरशातून बघणार."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कंडक्टर यांचा विद्यार्थी, रिक्षावाले यांचे विद्यार्थी, टेम्पोवाला यांचा विद्यार्थी. स्वतःची गाडी असली की कोणाच्या मागे बसावं लागत नाही. म्हणून ही सेवा, म्हणून ते गोणपाट! माझ्या मनात आलं, सर, तुम्ही तेव्हा चार मार्क सढळ हाताने दिले असतेत तर आज रत्नागिरीभर फुकट फिरला असतात. पण बोलले नाही. घरमालक आहेत.

इकडे काकूंनी एसटीतूनच पुण्याला ताईला फोन लावला होता. ताई म्हणजे सरांची एकुलती एक मुलगी. तीही त्यांच्याच वर्गात होती. तिला त्यांनी काठावर ठेवलं होतं आणि घरी येऊन काकूंना म्हणाले होते, "तुमच्या मुलीला समजावा." तर ताईचा फोन स्पीकरवर.

"बाबा, मी शनिवारी येतेय. किल्ली काढून ठेवा. गाडी विकायची."

"एक पाइप गेलाय फक्त."

"आई गाडीत होती. वरची मुलगी गाडीत होती."

"मी दुरुस्त करतो. स्वतः. शनिवारी तपासून घे. चालली तर किल्ली माझ्याकडे."

"आणि नाही चालली तर?"

सरांनी खिशातली किल्ली चाचपली. "तर घेऊन जा."

ताई हसली. मला ते हसणं चांगलंच ओळखू आलं, सर शून्य देताना अगदी तसंच हसायचे. "ठीक आहे. मी परीक्षा घेणार हां बाबा. ग्रेस मिळणार नाही."

तर असा तो आठवडा सुरू झाला.

पहिल्यांदा सरांनी गाडी जॅकवर उचलली आणि खाली काय लावलं असेल? चिरे! आपले घर बांधायचे जांभ्याचे चिरे, एकावर एक. काकू अंगणात आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "अहो सर, हा दगड पावसाळ्यात नखाने उकरतो."

"दाबाला टिकतो. कारण..."

"कारण नको. गाडी अंगावर पडली तर मी रडत बसणार नाय, आधीच सांगून ठेवते. आणि तोवर जेवणपण नाय." आणि खरंच चूल बंद. दुपारी मला पाठवून त्याच पास्कलवाल्या गॅरेजमधून लोखंडी स्टँड मागवले. गॅरेजवाल्याने दिले, आणि वर म्हणाला, "सरांना विचार, स्टँड कुठे लावायचा ते पाठ आहे काय." मी हा निरोप पोचवला नाही. पोचवायला हवा होता, नाही?

गाडीखाली सर आडवे, शेजारी मी टॉर्च धरून आडवी. लॅबमधून आल्यावर माझं रोजचं हेच. पाइप म्हणजे तरी काय, पेन्सिलपेक्षा बारीक नळी, पुढून मागच्या चाकांपर्यंत गेलेली. आणि तिची काय दशा झाली होती! सरांनी नखाने टोकरलं तर खवले पडले, शिळ्या भाकरीचे पापुद्रे पडावेत तसे. नट तर इतके कुजलेले की पाना लावला की नटाचा आकारच जायचा.

गंमत म्हणजे सगळीकडे सारखा गंज नव्हता. जिथे रविवारचं पाणी मारलं जायचं तिथेच जास्त. मधल्या भागात, जिथे सरांचा हात पोचायचा नाही, तिथे पाइप बरा होता. मी टॉर्च इकडून तिकडे फिरवला. सरांनीही बघितलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं.

"खाडीची हवा," सर म्हणाले.

"पण सर, शेजाऱ्यांची गाडी याहून जुनी आहे. तिला पण हीच हवा."

"टॉर्च नीट धर."

नवीन पाइपची गुंडाळी मागवली होती, तांब्यासारखा रंग, गाडीसाठीचीच. पाइपाचं टोक फुलवायचं एक यंत्र असतं, तोंड फुलवलं की नट त्याला धरून ठेवतो. सरांनी मापं कशाने घेतली? झावळीच्या हिराने, म्हणजे खराट्याच्या काडीने! मेजरिंग टेप असताना! "टेप वळत नाही, हीर वळतो." हीर वळला, वळला, आणि टाकीजवळच्या वळणावर मोडला. मग दुसरा हीर. मग "वाळका नको, ओला आण." मी लॅबमध्ये रक्त काढणारी मुलगी, माडाखाली ओले हीर शोधत फिरतेय.

पण पहिलं टोक त्यांनी काय सुंदर फुलवलं! गुळगुळीत, गोल, जणू कर्णफूल. चष्मा वर करून निरखून म्हणाले, "नऊ." स्वतःला नऊ! मी दोन वर्षांत त्यांच्याकडून नऊ ऐकले नव्हते. आणि तेवढ्यात माझं लक्ष पेपरवर ठेवलेल्या नटाकडे गेलं.

"सर, हा नट आधी पाइपात घालायचा असतो का?"

सर पाइपाकडे बघतायत. फुलवलेल्या तोंडावरून नट आता जाणं शक्यच नाही.

"हो," सर म्हणाले.

टोक कापलं. परत फुलवलं. या वेळी नट घातला, पण उलटा. परत कापलं. पाइप आखूड होत चालला आणि सरांचा आवाज मोठा. काकू ओट्यावर बसून भाजी चिरत सगळं बघत होत्या. "सर, अजून दोनदा चुकलात तर त्या पाइपाची बांगडी करून मला द्या."

मग हवा काढायची. हे काम दोघांचं. मी आत ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, सर चाकाजवळ पाना घेऊन. ते म्हणाले "दाब" की दाबायचं. "धर" की धरायचं. ते पेच सैल करणार, जुनं ब्रेक ऑइल नळीतून बरणीत उतरणार, बुडबुडे येणार. पेडल पायाखालून बसत जाणार. पेच आवळला की "सोड". बरणी कुठली? काकूंची लोणच्याची. त्यावरून जे झालं ते वेगळंच, ते मी इथे लिहू शकत नाही.

"दाब. धर. धर! धर म्हटलं की धर, सोडलंस का?"

"पाय घसरला, सर."

"परत. हवा आत गेली. शास्त्रीय कारण?"

"पाय घसरला हेच कारण."

"हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही! म्हणून हवा असली की पेडल मऊ. दाब!"

माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, पण एक सांगू? तो नियम मला आत्ता झोपेतून उठवून विचारा. पाठ नाही, पायात आहे.

हळूहळू पेडल घट्ट होत गेलं. शेवटच्या चाकाला मी दाबलं आणि पाय दगडावर ठेवल्यासारखा थांबला. सर चाकाजवळून वर आले. कोपरापर्यंत काळे, डोक्यात माती. "किती?" मी म्हटलं, "दहा सर." तर म्हणाले, "दहा कोणाला द्यायचे नसतात." पण तोंड बघायला हवं होतं तुम्ही!

शनिवार. ताई आली. आणि नेमकं त्याच सकाळी नळाला पाणी नव्हतं. काकूंनी नाइलाजाने विहिरीचं पाणी काढून कुकर लावला. एक शिट्टी, दोन शिट्ट्या, मोजणं सोडलं आम्ही. झाकण काढलं तर डाळ तशीच, दाणा न् दाणा सुटा, टणटणीत.

काकू कडाडल्या, "लग्न होऊन आले तेव्हापासून सांगते, या पाण्यात डाळ शिजत नाय! साबणाला फेस नाय, कपड्यांना पांढरे डाग. पण ऐकतंय कोण? दर रविवारी नेऊन गाडीला पाजतायत!"

ताई चहा पीत होती. कप खाली ठेवला. काही न बोलता उठली, मागे गेली, बादलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग तशीच पुढे अंगणात आली. "चला बाबा. परीक्षा."

आमच्या घराचा उतार सांगितलाच आहे. वरच्या रस्त्यापासून दगड रचलेल्या गडग्यापर्यंत, म्हणजे कुंपणापर्यंत, सरळ खाली, गडग्याच्या पलीकडे खाडी. ताई गाडीत बसली. आणि सर? सर जाऊन गडग्यासमोर उभे राहिले. गाडीच्या बरोब्बर समोर.

"बाबा, बाजूला व्हा."

"नाही. माझे पाइप आहेत."

"बाबा!"

"तू सोड गाडी."

काकू दारातून, "अहो सर, नाटकं पुरे!" सर हलले नाहीत. हात मागे बांधलेले, परीक्षा हॉलमध्ये उभे राहायचे तसे. फक्त पायातली एक चप्पल सुटली होती आणि ती परत घालायचं त्यांना सुचत नव्हतं, म्हणजे बघा.

गाडी सुटली. अर्ध्या उतारावर ताईने कच्चकन ब्रेक मारला. चाकं जागच्या जागी थांबली, थोडी माती उडाली, बस. सर आणि बंपर यांच्यात एक अख्खी गाडी मावेल एवढी जागा होती. सर पुढे चालत आले, बॉनेटवर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, खोटं का बोलू.

"किल्ली," सर म्हणाले.

ताई उतरली. किल्ली मुठीत. "प्रॅक्टिकल पास. आता तोंडी."

"तोंडी ठरलं नव्हतं."

"तुम्ही आम्हाला कधी सांगून घेतली? शास्त्रीय कारण द्या. गाडीचे पाइप कुजले."

सरांच्या चेहऱ्यावर इतकं काही येऊन गेलं! मग ताठ झाले आणि पुस्तकातल्या भाषेत सुरू झाले. "समुद्रकिनारी हवेतील आर्द्रतेमुळे..."

"शेजारच्या गाडीला तीच आर्द्रता आहे. पुढे."

"लोखंडाचा ऑक्सिजनशी..."

"पुढे. बाबा, नळाचं पाणी का नाही वापरलंत?"

"त्यात क्लोरीन असतं."

"विहिरीच्या पाण्यात काय असतं?"

सर चष्मा काढून पुसायला लागले.

"मीठ असतं ना? खारट लागलं मला. मिठाचं शास्त्रीय नाव?"

हे सरांना कोण विचारतंय! ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतलं. ओठ हलले. "सोडियम..."

"पूर्ण नाव."

"क्लोराइड," सर म्हणाले. इतक्या हळू की गडग्यावरचा कावळासुद्धा उडाला नाही.

म्हणजे नळातल्या चिमूटभर क्लोरीनला घाबरून या माणसाने गाडीला दर रविवारी मिठाच्या पाण्यात न्हाऊ घातलं होतं! प्रेमाने, गोणपाटावर आडवं होऊन! काकू दारातून म्हणाल्या, "सांगा ना सर, वर्ग थांबलाय."

सरांनी घसा साफ केला. "खाऱ्या पाण्याच्या सततच्या संपर्कामुळे पाइप गंजले."

"ते पाणी कोणी मारलं?"

"प्रश्नात तेवढं विचारलेलं नाही."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, काकू हसायला लागल्या, मी तर गडग्यावर बसलेच. ताईने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "काठावर पास." आणि मागे जाऊन ती निळी बादली उचलून आणली, मगासकट, आपल्या गाडीच्या डिकीत टाकली आणि पुण्याला घेऊन गेली. सर तिच्या गाडीमागे रस्त्यापर्यंत चालत गेले. मुलीला निरोप द्यायला की बादलीला, देव जाणे. संध्याकाळी आम्हाला दोघींना गाडीतून आरे-वाऱ्याच्या समुद्रापर्यंत फिरवून आणलं. पाळण्यात बसवल्यासारखी चालवली. काकूंनी मागच्या सीटवरून मार्क दिले, "साडेसहा."

मी तिकडून नोकरी बदलून आले त्याला आता काही काळ झाला. मला वाटलं होतं, शिकले असतील सर. एवढी तोंडी झाली, शिकले असतील!

तर तो मेसेज. पुढचा भाग ऐका. काकू म्हणतायत, "अगो, आता पुढच्या चाकाकडचा जुना पाइप गेलाय. मी म्हटलं जाईल कसा, बादली तर पुण्याला. काल बघते तर मासळीचं पाणी टाकायचं माझं घमेलं घेऊन विहिरीवर! इतके दिवस घमेल्याने धुतायत गो! विचारलं तर म्हणतात, ताईने बादलीला बंदी केलीय, पाण्याला नाय."

मग थोडी खरखर, आणि मागून लांबून, बहुतेक गाडीखालून, सरांचा आवाज, "तिला विचार, शनिवारी ब्रेकवर पाय ठेवायला येते का? इथे कोणाला धर म्हटलं की धरता येत नाही." आणि काकू फोनला तोंड लावून कुजबुजत, "ताईला सांगू नकोस हां. किल्ली नेईल ती."

आणि मी काय केलं असेल? ताईला सांगितलं? सरांना चार शब्द सुनावले? छे. मी शनिवारच्या एसटीचं तिकीट काढलं आणि काकूंना मेसेज टाकला, लोणच्याची बरणी लपवून ठेवा.

आता तुम्ही सांगा, तुमच्यावर कधी आलीय का ही वेळ? ज्या माणसाचं एकही वागणं पटत नाही, त्याच्या गाडीची किल्ली त्याच्याकडेच राहावी म्हणून सुट्टी टाकून ब्रेकवर पाय ठेवायला धावायची? आली असेल तर लिहा खाली. शास्त्रीय कारणासकट. मला अजून सापडलेलं नाही.